सीडीवरून उतरवलेला आवाज अचूक आहे हे तपासायचं कसं? (डेटाबेसमध्ये नसलेल्या मराठी सीडींसकट)

वरचा_सा

घरातल्या ऑडिओ सीडी फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता दाबणारा फाइलप्रकार) उतरवतोय. साधारण निम्म्या मराठी आहेत: नाट्यसंगीत, भावगीतं, मैफिलींची थेट ध्वनिमुद्रणं. बाकी हिंदी चित्रपटसंगीत आणि काही इंग्रजी. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा सीडी उतरवायचा प्रोग्रॅम (पुढे इएसी), सिक्युअर मोड, डेस्कटॉपमधला एलजीचा डीव्हीडी रायटर, ऑफसेट +६.

लॉगमध्ये तीन तऱ्हा दिसतात. इंग्रजी सीडींचे सगळे ट्रॅक 'ॲक्युरेटली रिप्ड' (म्हणजे ॲक्युरेटरिप या डेटाबेसमधल्या इतरांच्या निकालांशी जुळलेले), कॉन्फिडन्स दोन आकडी. तिथे प्रश्न नाही. एका हिंदी सीडीचे ८ पैकी ७ ट्रॅक जुळतात, शेवटचा 'कॅनॉट बी व्हेरिफाइड' म्हणतो. पण त्याच ट्रॅकखाली क्वालिटी ९९.७ टक्के आणि 'कॉपी ओके' असंही लिहिलंय. आणि मराठी सीडींना सरळ 'नॉट प्रेझेंट इन डेटाबेस'. क्वालिटी १०० टक्के, टेस्ट आणि कॉपी अशा दोन वाचनांचा सीआरसी (आवाजाचा ताळा-आकडा) सारखा.

दुसऱ्या तऱ्हेत कुणाचं खरं मानायचं? आणि तिसऱ्या तऱ्हेत कशाच्या भरवशावर 'अचूक' म्हणायचं? 'कानाला नीट लागतंय ना, मग झालं' हे उत्तर कृपया नको.

बिटबिट

डेटाबेसचं खरं माना. 'कॉपी ओके' नक्की काय सांगतं ते बघू.

डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात, पण फाइलच्या वाट्याला त्यातले २०४८च येतात. बाकीचे सेक्टरची खूण, पत्ता आणि चुका ओळखून दुरुस्त करायचा जादा थर यात जातात. ऑडिओ सीडीवर ही चैन नाही. अख्खे २३५२ बाइट आवाजच, म्हणजे ५८८ स्टिरिओ सॅम्पल (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं), आणि सेकंदाला असे ७५ सेक्टर. चुका सुधारायला फक्त सीआयआरसी या सीडीतल्या दुरुस्ती-पद्धतीचे दोन टप्पे, सी१ आणि सी२. ते कच्चे नाहीत. ट्रॅकच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग ओरखडा पूर्ण भरून निघतो. त्यापलीकडे ड्राइव्ह आजूबाजूचे सॅम्पल बघून मधले अंदाजाने भरतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे सरकवतो. ऐकताना हे सोयीचं, उतरवताना घातक.

सिक्युअर मोड हा अंदाज पकडण्यासाठी प्रत्येक सेक्टर निदान दोनदा वाचतो. दोन वाचनं जुळली नाहीत तर १६-१६च्या फेऱ्या सुरू होतात. १६ पैकी ८ उत्तरं सारखी आली की ते बरोबर धरलं जातं. एरर रिकव्हरी 'हाय'वर असेल तर अशा ५ फेऱ्या, म्हणजे वाईटात वाईट ८२ वाचनं. तुमचे ९९.७ टक्के म्हणजे ०.३ टक्के आवाज बिघडला असं नव्हे. काही सेक्टर पुन्हा पुन्हा वाचावे लागले आणि शेवटी बहुमत झालं, एवढंच. पण बहुमत अंदाजाच्या बाजूनेही होऊ शकतं. ओरखडा तिथेच, लेझर तोच, म्हणून चुकीचं उत्तरही आठ वेळा तेच येतं.

सात ट्रॅक जुळलेत त्याअर्थी तुमचा ऑफसेट बरोबर आहे आणि तुमचं प्रेसिंगही (छपाईची आवृत्ती) डेटाबेसमधलं आहे. मग आठव्यात उरतं फक्त वाचनातलं नुकसान. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला असतो. बोटं तिथेच लागतात.

काळी_चार

पण टेस्ट अँड कॉपी केलंय ना? पूर्ण ट्रॅक दोन वेगळ्या वेळी वाचला आणि ३२ बिटांचा सीआरसी जुळला. योगायोगाने जुळायची शक्यता चार अब्जांत एक. मला तरी हे पुरेसं वाटतं.

बिटबिट

@काळी_चार, योगायोगाचं गणित बरोबर आहे, पण इथे प्रश्न योगायोगाचा नाहीच. दोन्ही साक्षीदार एकच आहेत. तोच ड्राइव्ह, तीच चकती, तोच ओरखडा. टेस्ट अँड कॉपीमुळे येता-जाता होणाऱ्या चुका पकडल्या जातात. ठाम, दरवेळी तशीच होणारी चूक नाही. सीआरसी जुळला *नाही* तर नक्की गडबड आहे. जुळला तर 'या ड्राइव्हला दोनदा असंच दिसलं' एवढंच सिद्ध होतं.

त्यात कॅशची भानगड. बरेच ड्राइव्ह वाचलेला ऑडिओ स्वतःच्या मेमरीत ठेवतात. इएसीने 'पुन्हा वाच' म्हटलं की चकतीकडे न बघता मेमरीतलंच परत देतात. मग दोन वाचनं जुळणारच, आणि क्वालिटी १०० टक्के! म्हणून ड्राइव्ह ऑप्शन्समध्ये 'ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा'वर खूण हवी. शंका असेल तर खूण ठेवा. नुकसान फक्त वेगाचं. याउलट 'सी२ एरर इन्फर्मेशन'वरची खूण काढा. सगळेच ड्राइव्ह सी२च्या चुका प्रामाणिकपणे कळवत नाहीत, आणि ती खूण असली की इएसी दुसरं वाचन करतच नाही.

मंद्र

ॲक्युरेटरिपचं काम कसं चालतं तेही लिहून ठेवतो, कारण त्याचे निकाल वाचण्यात लोक फसतात.

चकतीच्या ट्रॅक-यादीवरून ती ओळखली जाते आणि प्रत्येक ट्रॅकचा चेकसम (सीआरसीसारखाच ताळा-आकडा) इतरांनी पाठवलेल्या चेकसमशी ताडला जातो. कॉन्फिडन्स १४ म्हणजे १४ जणांचं तेच उत्तर आलंय. वेगळी चकती, वेगळा ड्राइव्ह, वेगळं घर. म्हणून हा पुरावा टेस्ट अँड कॉपीपेक्षा कितीतरी भक्कम. चेकसमच्या दोन आवृत्त्या आहेत. पहिलीत काही बिटं हिशोबातून निसटायची, म्हणून दुसरी आली. दोन्हीतलं कुठलंही जुळलं तरी व्यवहारात पुरतं.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. कॉन्फिडन्स १ असेल तर तो एक जण तुम्हीच असू शकता, पूर्वी पाठवलेला निकाल परत आलेला. दुसरं, पहिल्या ट्रॅकच्या सुरुवातीचे आणि शेवटच्या ट्रॅकच्या अखेरचे सुमारे ५ सेक्टर, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, चेकसममध्ये धरत नाहीत. तिथली टिचकी कुणी पकडणार नाही. तिसरं आणि रोज उपयोगी पडणारं: *सगळेच* ट्रॅक जुळले नाहीत तर आधी ऑफसेट किंवा वेगळं प्रेसिंग यांच्यावर संशय घ्या. एखाद-दुसराच जुळला नाही तर चकतीवर.

सोलापुरी_चादर

ऑफसेट म्हणजे नेमकं काय हे कुणी सोप्या भाषेत सांगेल का? माझ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हचा कुठेच लिहिलेला नाही.

मंद्र

ऑडिओच्या बाइटांत पत्ता नसतो, पत्ता सबकोड नावाच्या बाजूच्या माहितीत वेगळा धावतो. ड्राइव्ह सबकोड बघून 'हा अमुक सेक्टर' म्हणतो, पण आवाज देताना काही सॅम्पल मागेपुढे होतो. हा फरक त्या मॉडेलसाठी ठरलेला असतो. एलजीचे बरेच डेस्कटॉप ड्राइव्ह +६, प्लेक्स्टरचे जुने नावाजलेले +३०, पायोनियरचे बरेच ब्लू-रे रायटर +६६७. ॲक्युरेटरिपच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय यादी आहे, तिथे ड्राइव्हचं नाव शोधा. नाहीतर एखादी खूप खपलेली सीडी घाला. ती डेटाबेसमध्ये असली की इएसी स्वतःच ऑफसेट काढतो. एकाच सीडीवर समाधान मानू नका, दोन-तीनवर तेच उत्तर येऊ द्या.

काळी_चार

+६६७ म्हणजे १५ मिलिसेकंद. एवढ्याने आवाजाला काय होतं?

मंद्र

आवाजाला काहीही होत नाही. मैफिलीच्या सीडीवर ट्रॅकची खूण आलापाच्या मध्यावर टाकलेली असली तरी पुढचा ट्रॅक तिथूनच सुरू होतो, कारण सगळेच ट्रॅक सारखे सरकलेले असतात. ऑफसेट हवा तो ताडून बघायला. एक सॅम्पल सरकला तरी चेकसम पार बदलतो. बरं, ॲक्युरेटरिपचा स्वतःचा शून्यबिंदूही ३० सॅम्पलनी चुकलेला आहे हे मागाहून लक्षात आलं. कुणी बदलला नाही, कारण सगळ्यांनी तोच धरला की ताळा बसतोच.

तबकडी

आठव्या ट्रॅकसाठी क्रम सांगते.

आधी धुवा. कोमट नव्हे, साध्या पाण्याखाली, भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटाने हलके फिरवून. मग शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने खळबळा आणि मायक्रोफायबरच्या फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून कधीही नाही. त्रिज्येच्या दिशेचा ओरखडा ट्रॅकला आडवा जातो, थोडेच बिट खातो आणि सीआयआरसी ते भरून काढतो. गोलाकार ओरखडा ट्रॅकच्या बाजूने धावतो आणि सलग माहिती गिळतो. कोकण-मुंबईकडच्या दमट घरांत आणखी एक गोष्ट बघा: पॉलिकार्बोनेटवर बुरशीची पांढुरकी नक्षी. ती वरवरची असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघते.

मग चकती उलटी करून छापील बाजू उजेडाकडे धरा. खरा नाजूक भाग तो. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं चिलखत आहे, वरून ॲल्युमिनियमच्या थरावर लॅकरचा नुसता पापुद्रा. उजेड टाचणीच्या टोकाएवढा आरपार दिसला तर तिथली माहिती गेलेली आहे, टूथपेस्ट-बिथपेस्टने काही होणार नाही. (अवांतर: टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपर. खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्याला क्वचित चालते; बेताने.)

कडेकडून तपकिरी छटा आत सरकताना दिसली तर ते ब्राँझिंग. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात साधारण १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या चकत्यांचा हा प्रसिद्ध रोग. परदेशातून आणलेल्या जुन्या शास्त्रीय संगीताच्या सीडीवर 'मेड इन यूके बाय पीडीओ' वाचलंत तर ती रांगेत सगळ्यात पुढे घ्या.

धुऊनही जमलं नाही तर वेग ८एक्सवर आणा. काही ड्राइव्ह हळू वाचताना सुधारतात, काहींना काही फरक पडत नाही. आणि मग दुसरा ड्राइव्ह.

बिटबिट

त्याच्याही पुढचा उपाय म्हणजे सीयूइटूल्स या प्रोग्रॅमचा डेटाबेस, सीटीडीबी. इएसीच्या आताच्या आवृत्त्यांसोबत त्याचं प्लगइन येतं. यात चेकसमबरोबर दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, एका सीडीमागे दीडशे-दोनशे किलोबाइट. सगळे ट्रॅक उतरवून झाले की फोल्डर सीयूइटूल्समध्ये टाका आणि 'व्हेरिफाय' चालवा. निकालात 'इतके सॅम्पल वेगळे' आणि ते कुठल्या मिनिट-सेकंद-सेक्टरवर आहेत हे येतं. 'दुरुस्त करता येईल' असं म्हणाला तर 'रिपेअर' निवडा. मूळ फाइल तशीच ठेवून नवी बनवतो. सलग नुकसान अर्ध्या सेकंदाच्या आसपास असेल तोवर जमतं. अट एकच, अख्खी सीडी हवी. एकटा आठवा ट्रॅक देऊन चालणार नाही.

या डेटाबेसला ऑफसेटचंही वावडं नाही. प्रेसिंग सरकलेलं असलं तरी ओळखतो.

लिनक्सवाला_बंडू

लिनक्सकरांसाठी: व्हिपर किंवा सायनरिप. व्हिपरमध्ये आधी 'ड्राइव्ह ॲनालाइझ' चालवा म्हणजे कॅशला चकवता येतं की नाही ते कळतं, मग 'ऑफसेट फाइंड'. नुसत्या जुन्या सीडीपॅरानॉइयाने उतरवलं तर ड्राइव्हच्या कॅशपुढे त्याची सगळी सावधगिरी वाया जाते आणि ॲक्युरेटरिपशी ताळा होत नाही तो वेगळाच. मॅकवर एक्सएलडी, त्यात सगळं आहे.

वरचा_सा

आठवा ट्रॅक सुटला. धुतल्यावर क्वालिटी ९९.९, तरी ॲक्युरेटरिप जुळेना. सीटीडीबीने ०४:११ च्या आसपास दोन सेक्टरमध्ये फरक दाखवला आणि दुरुस्त केला. नव्या फाइलचा चेकसम आता ॲक्युरेटरिपशीही जुळतो. म्हणजे 'कॉपी ओके' खरोखरच अंदाजावर दिलेलं होतं.

आता मराठी सीडींचं बोला.

बिटबिट

तिथे डेटाबेसचं काम आपल्यालाच करावं लागतं. तत्त्व तेच, स्वतंत्र साक्षीदार.

दोन ड्राइव्ह घ्या, पण वेगवेगळ्या घराण्यांचे. एकाच कंपनीचे दोन नग म्हणजे एकाच मास्तरांचे दोन विद्यार्थी, चुकाही सारख्याच करतील. डेस्कटॉपचा एलजी आणि यूएसबीवर दुसऱ्या बनावटीचा, असं काहीतरी. यूएसबीचं स्वस्त खोकं असेल तर त्यातला ब्रिज (ड्राइव्ह यूएसबीला जोडणारी चिप) काही आज्ञा पुढे पोचवत नाही. आधी माहितीतल्या सीडीवर ॲक्युरेटरिप जुळवून तो ड्राइव्ह पारखून घ्या.

दोन्हींचा ऑफसेट आपापल्या आकड्यावर लावा. इएसीत 'नॉर्मलाइझ' बंद. सुरुवात-शेवटची शांतता काढून टाकण्याचा पर्याय बंद. 'ऑफसेटमुळे कमी पडलेले सॅम्पल शांततेने भरा' चालू. 'सीआरसी काढताना शून्य सॅम्पल वगळा' बंद. यातलं एकही दोन यंत्रांवर वेगळं राहिलं तर ताळा फुकट. दोन्हींवर टेस्ट अँड कॉपी करा आणि कॉपी सीआरसी ट्रॅकवार समोरासमोर ठेवा. जुळले की काम झालं. एका सीडीमागे वेळ दुप्पट लागतो, त्याला इलाज नाही.

मंद्र

बिटबिट यांच्या पद्धतीत एक हमखास फसवणारी जागा आहे: शेवटचा ट्रॅक. ऑफसेट धन असला की ड्राइव्हला चकतीच्या शेवटापलीकडे, लीड-आउटमध्ये, तेवढे सॅम्पल वाचावे लागतात. बऱ्याच ड्राइव्हना ते जमत नाही, मग इएसी तिथे शून्य भरतो. +६वाल्यात शेवटचे ६ सॅम्पल शून्य, +६६७वाल्यात ६६७. सीडी डिजिटल शांततेत संपत असेल तर दोन्ही सारखेच दिसतात. पण आपल्या मैफिलींच्या सीडी टाळ्यांत संपतात, किंवा जुन्या टेपची सरसर अगदी शेवटच्या सेक्टरपर्यंत चालू असते. मग सीआरसी जुळत नाही आणि माणूस उगाच चकती घासत बसतो.

इएसीच्या टूल्समधलं 'कंपेअर वेव्ह्ज' चालवा. फरक फक्त शेवटच्या ६६७ सॅम्पलमध्येच असेल तर तो १५ मिलिसेकंदांचा मामला आहे. कमी ऑफसेटवाल्या ड्राइव्हची फाइल ठेवा आणि पुढे चला. फरक ट्रॅकच्या मध्ये असेल तर ती वेळ टिपून ठेवा.

काळी_चार

मध्ये फरक निघाला, तर दोन ड्राइव्हपैकी खरा कोण?

तबकडी

तिसरा साक्षीदार. आणि इथे तिसऱ्या ड्राइव्हपेक्षा *दुसरी चकती* मोलाची. नातेवाइकांकडे, मित्रांकडे तीच सीडी असते. तिच्यावर त्याच जागी ओरखडा असायची शक्यता नगण्य. घेताना मात्र आतल्या कड्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक तोच आहे ना बघा. वेगळं प्रेसिंग असेल तर आवाज तोच, पण सगळा काही सॅम्पल सरकलेला असू शकतो. मग सीआरसी न बघता 'कंपेअर वेव्ह्ज' वापरा, किंवा ऑडॅसिटी या आवाज-संपादकात दोन्ही फाइली रांगेत लावून एक उलटी (इन्व्हर्ट) करा आणि मिसळा. सारख्या असतील तर पूर्ण शांतता उरते. जिथे फरक आहे तिथे टिचकी. निर्यात करण्याआधी डिदर बंद करायला विसरू नका, नाहीतर ऑडॅसिटी स्वतःचाच गोंगाट मिसळेल.

सोलापुरी_चादर

मी पूर्वी साध्या प्लेअरने उतरवलेले फ्लॅक आहेत, सीडी आता जवळ नाहीत. त्यांचं काही करता येईल?

बिटबिट

येईल, पूर्ण अल्बम असेल तर. सीयूइटूल्स ट्रॅकच्या लांब्यांवरून चकतीची ट्रॅक-यादी पुन्हा मांडतो आणि ऑफसेट सरकवून सरकवून दोन्ही डेटाबेसमध्ये शोधतो. झटपट चाचणी: प्रत्येक ट्रॅकच्या सॅम्पलची संख्या ५८८ने निःशेष भागली गेली पाहिजे. नाही गेली तर ती फाइल सरळ सीडीवरून आलेली नाही. मध्ये कापाकापी झालीय किंवा एमपी३ परत उलगडून फ्लॅक केलंय. पहिल्या ट्रॅकआधी लपवलेला आवाज किंवा शेवटी व्हिडिओचा डेटा ट्रॅक असलेल्या सीडींचा मात्र लॉग हाताशी नसेल तर पत्ता लागायला त्रास होतो.

फ्लॅकच्या आतल्या एमडी५ चेकसमवर गैरसमज नको. तो 'फाइल बनल्यापासून आवाज बदललेला नाही' एवढंच सांगतो. चुकीचा आवाज भरला असेल तर चुकीचाच नीट जपतो.

लिनक्सवाला_बंडू

मूळ सीडीच दर्जाहीन असेल तर? दुकानातून घेतलेल्या काही चकत्या उघडउघड सीडी-आर निघतात, खालची बाजू हिरवट-निळसर.

मंद्र

मग ही सगळी अचूकता त्या चकतीपुरतीच. स्पेक या प्रोग्रॅममध्ये वारंवारतेचा आलेख बघा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सपाट रेघ आणि वर काळोख दिसला तर मूळ साहित्य बहुधा १२८ केबीपीएसचं एमपी३. मात्र घाई नको. ७८ आरपीएमच्या तबकडीवरच्या पदात वर गाणं नसतंच, पण खरखर हळूहळू विरत वरपर्यंत जाते, एकदम तुटत नाही. आणि एफएम प्रसारणावरून टिपलेली मैफल असेल तर १५ किलोहर्ट्झला तुटणारच. १९वर पायलट टोन असतो म्हणून प्रसारणच तिथे कापलेलं असतं. तो दोष एमपी३चा नव्हे.

१९८०च्या दशकातल्या जपानी छपाईच्या सीडी असतील तर प्री-एम्फसिसही (छापताना वरचे स्वर मुद्दाम चढवणं) बघा. आवाज तार सप्तकात टोचरा लागतो. ही खूण कधी ट्रॅक-यादीत असते, कधी नुसती सबकोडमध्ये. ताळा करायचा तो मूळ फाइलवर. डी-एम्फसिस (ते पुन्हा उतरवणं) सॉक्स या प्रोग्रॅमने नंतर, वेगळ्या प्रतीवर. उलट क्रमाने गेलात तर चेकसम कधीच जुळणार नाही.

वरचा_सा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शेवटचं: दोन ड्राइव्हवर जुळलेली मराठी सीडी ॲक्युरेटरिपला पाठवावी का? दोन्ही निकाल माझेच.

बिटबिट

दोन्ही डेटाबेसना पाठवा. सीटीडीबीला पाठवलेल्या निकालासोबत दुरुस्तीची माहितीही जाते, तीच सीडी ओरखडे पडलेल्या अवस्थेत कुणाकडे असेल तर तिला ती लागू पडेल. पण ज्या सीडीत दोन ड्राइव्ह जुळले नाहीत ती मुळीच पाठवू नका. इएसीचे प्लगइन निकाल आपोआप पाठवू शकतात, म्हणून संशयित चकती घालण्याआधी पाठवण्याचा पर्याय बंद करा.